मोठेपणी संगीत शिकताना: गाणं, पियानो आणि संगीत आस्वाद यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मोठ्या माणसांना गाणं आणि पियानो शिकवते, आणि जोडीला संगीत आस्वादाचा वर्ग घेते. नाव नोंदवण्याआधी जे प्रश्न हमखास विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. लोक जिथे अडतात आणि सोडून देतात, तिथे मी मुद्दाम जास्त वेळ थांबले आहे.

या वयात जमेल का?

जमेल. फक्त लहानपणी शिकणाऱ्याची वाट वेगळी आणि तुमची वेगळी.

सहा वर्षांच्या मुलाच्या कानात संगीताचा साठा अगदी थोडा असतो. एक ओळ वाजवता आली की ते खूश होतं, कारण ती ओळ खरं तर कशी वाजायला हवी हे त्याला अजून माहीतच नसतं. तुम्ही चाळीस-पन्नास वर्षं ऐकत आला आहात. सूर नेमका लागला की कसं वाटतं, समेवर येणं म्हणजे काय, पियानोवर हलका हात कसा ऐकू येतो, हे तुमच्या कानाला पक्कं ठाऊक आहे. गळा आणि बोटं मात्र आजच शाळेत दाखल झाली आहेत. कान कितीतरी पुढे आणि हात मागे, हे अंतर मोठ्या माणसाला छळतं. माझ्याकडून पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे सोडून गेले, ते बहुतेक याच अंतराला कंटाळून गेले. 'मला येत नाही' असं ते म्हणत. मला दिसत होतं ते असं, की त्यांना स्वतःची चूक स्पष्ट ऐकू येत होती. ज्याला चूक ऐकू येते त्याला शिकवणं सोपं जातं. अवघड असतं ते ज्याला ऐकूच येत नाही त्याला शिकवणं.

मोठ्यांची बोटं मुलांच्या बोटांइतक्या लवकर वळत नाहीत, हे खरं आहे. पण एखादी रचना कशी बांधली आहे हे मोठी माणसं पटकन ओळखतात. 'ही ओळ मघाचीच आहे, फक्त शेवट बदललाय' हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यामुळे पाठ करण्याचं ओझं अर्ध्यावर येतं.

धीर हवा असेल तर दोन माणसं आठवा. ब्रुकनर हा मोठा संगीतकार १८५५ ते १८६१, म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षापासून सदतिसाव्या वर्षापर्यंत, सेख्टर नावाच्या गुरूकडे हार्मनी (सुरांची एकत्र जुळणी) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या चालींची गुंफण) यांचे धडे घेत होता. तोवर तो उत्तम ऑर्गनवादक होता, तरीही तो मुळापासून शिकायला बसला. आणि शूबर्ट, ज्याच्या नावावर तेव्हा शेकडो गाणी होती, तो नोव्हेंबर १८२८ मध्ये याच सेख्टरकडे धडा घ्यायला गेला. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत तो वारला. त्या वेळी आपल्याला हे शिकायचं राहिलं आहे, असं त्याला वाटत होतं.

गाणं, पियानो आणि आस्वाद यांतलं आधी काय घेऊ?

जे मनात सगळ्यात जुनं आहे ते. 'गाणं शिकायचं राहून गेलं' असं वीस वर्षं वाटत असेल तर गाणंच घ्या. पियानो सोपा पडेल म्हणून तिकडे वळू नका. मनात काहीच ठरलेलं नसेल तर आस्वादाच्या वर्गापासून सुरुवात करा, कारण तिथे हात आणि गळा दोन्ही मोकळे असतात आणि आपला ओढा कुठे आहे ते आपोआप कळतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर तिन्ही विषय एकमेकांपासून फार लांब ठेवू नयेत. पियानो शिकणाऱ्यानं ओळ आधी गुणगुणावी आणि मग वाजवावी. गाणाऱ्यानं आपला सूर पट्टीवर शोधून बघावा. आणि दोघांनीही आठवड्यातून एकदा तरी दुसरं काहीही न करता नुसतं ऐकावं.

मी बेसूर आहे असं सगळे म्हणतात. गाण्याच्या वर्गात येऊ का?

या. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारताना आवाज खाली जातो. बहुतेकांना लहानपणी कोणीतरी 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलेलं असतं आणि ते वाक्य तीस वर्षं गळ्यात अडकून बसलेलं असतं.

सुरांतला फरकच ओळखता न येणं ही जन्मजात अवस्था असते, पण ती फार थोड्या लोकांत आढळते. तुम्हाला ओळखीचं गाणं शब्दांशिवाय, नुसत्या चालीवरून ओळखता येत असेल, किंवा दुसरा कोणी बेसूर गायला तर खटकत असेल, तर तुमचा कान शाबूत आहे. अडचण कान आणि गळा यांच्या मधल्या दुव्यात आहे, आणि तो दुवा सरावानं जुळतो.

कसा, ते सांगते. मी अशा माणसाला आधी माझा सूर लावायला सांगत नाही. त्याला एक साधं वाक्य बोलायला सांगते आणि शेवटचं अक्षर लांबवायला लावते. 'मी आलोओओ'. तो 'ओ' कुठल्या तरी सुरावर असतोच. तो सूर मी पियानोवर शोधते आणि वाजवते. 'हा तुमचा सूर. आता मी तुमच्या सुरात आले.' मग तोच सूर तो पुन्हा धरतो, मी सोबत गाते, आणि एकमेकांत मिसळल्यावर सूर कसा शांत होतो हे त्याला पहिल्यांदा आतून जाणवतं. त्यानंतर एक पायरी वर, एक पायरी खाली. पाच-सहा तासांत हा पट्टा पाच सुरांचा होतो. कोणाला दोन महिने लागतात. घाई नसते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. नवख्या माणसाला वाद्याच्या सुरापेक्षा माणसाच्या आवाजातला सूर पकडणं सोपं जातं. आणि बाईंच्या आवाजातला सूर ऐकून पुरुष बरेचदा त्याच उंचीवर जायला बघतात, गळा ताणतात आणि घसरतात. तोच सूर एक सप्तक खाली लावायचा असतो. 'मी बेसूर आहे' म्हणून आलेल्या कितीतरी पुरुषांची अडचण एवढीच निघाली.

माझी पट्टी कोणती, हे कसं कळणार?

पट्टी म्हणजे आपण आपला 'सा' जिथे धरतो तो सूर. तिची नावं पेटी-पियानोच्या पट्ट्यांवरून येतात: सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या 'सी'पासून वेगवेगळ्या मोजायच्या, म्हणजे पांढरी एक, काळी दोन असं. पहिल्याच तासाला ठरवायची गरज नाही. साधारणपणे पुरुषांची पट्टी पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास आणि बायकांची काळी चार-काळी पाचच्या आसपास असते, पण अपवाद भरपूर. आवडत्या गायकाची पट्टी म्हणजे आपली पट्टी असं मात्र समजू नका. खर्जात, म्हणजे मधल्या 'सा'च्या खाली, दोन-तीन सूर स्पष्ट ऐकू येतात आणि तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', न ओरडता लागतो, ती तुमची आजची पट्टी. सहा महिन्यांनी ती सरकू शकते.

'पोटातून गा' म्हणजे काय?

हवा फुप्फुसांतच राहते, पोटात जात नाही. श्वास घेताना फुप्फुसांखालचा पडदा खाली सरकतो आणि पोट पुढे येतं. गाताना ती हवा एकदम न सोडता सावकाश सोडायची असते. झोपून पोटावर एक पुस्तक ठेवा आणि 'स्‌स्‌स्' असा आवाज करत ते किती हळू खाली येतं ते बघा. खांदे वर न जाता हे जमलं की दमसास वाढायला लागतो. यापेक्षा जास्त समजावलं की माणसं विचार करत बसतात आणि गाणं राहून जातं.

आवाज लवकर थकतो, बसतो. वयाचा परिणाम असेल का?

थोडा वयाचा, बराचसा पद्धतीचा. वाढत्या वयात बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो आणि उतारवयात काही पुरुषांचा किंचित वर जातो, हे स्वाभाविक आहे. पट्टी बदलून घ्यायची, त्यात कमीपणा नाही.

स्वरतंतूंचं काम काय ते एकदा लक्षात घ्या. पांढरी सहावरचा मधल्या सप्तकातला सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, म्हणजे दर सेकंदाला स्वरतंतू ४४० वेळा एकमेकांवर येतात. अशा कामाला थेट जोर लावून भिडायचं नसतं. सुरुवातीला पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून तीतून 'ऊ' करत बुडबुडे काढा आणि सूर हळूहळू वर-खाली न्या. पाच मिनिटं पुरतात. तोंडाशी दाब राहिल्यामुळे स्वरतंतू कमी ताणात कंप पावतात. हे बघायला खेळासारखं दिसतं, पण आवाजावर उपचार करणारे तज्ज्ञही हाच व्यायाम देतात.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. गाण्याआधी घटाघटा प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागतच नाही. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला असेल तर रियाज थांबवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हे मी आग्रहानं सांगते.

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकवत नाही. गरजेचं आहे का?

हो. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच डोक्याच्या हाडांतूनही पोचतो, आणि हाडांतून येणारा आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग गळतो. त्यामुळे सगळ्यांनाच आपला आवाज पातळ आणि परका वाटतो, नावाजलेल्या गायकांनाही. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नको. रात्र मध्ये गेली की राग कमी होतो आणि नेमका कुठला सूर कणसूर झाला ते ऐकू येतं.

संगीत आस्वादाच्या वर्गात नेमकं काय करतात? गाणी तर घरीही ऐकतोच.

घरी आपण ऐकता ऐकता दुसरं काहीतरी करत असतो. वर्गात एकच तुकडा तीन-चार वेळा ऐकतो आणि दर वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष देतो.

उदाहरण देते. रावेलचं 'बोलेरो', १९२८ मधली रचना, साधारण पंधरा मिनिटांची. पहिल्या वेळी फक्त ढोलाचा ठेका ऐकायचा. अगदी हळू आवाजात सुरू होतो आणि तोच ठेका शेवटपर्यंत बदलत नाही. दुसऱ्या वेळी चाल कुठल्या वाद्याकडे जाते ते टिपायचं: आधी बासरी, मग क्लॅरिनेट, मग 'बसून' नावाचं फुंकवाद्य, आणि पुढे एकेक वाद्य. तिसऱ्या वेळी नुसता आवाज कसा चढत जातो ते. चाली दोनच, ठेका एकच, मग पंधरा मिनिटं कान का खिळून राहतो? याचं उत्तर मी देत नाही, वर्गातल्या लोकांनाच विचारते. कोणी 'रंग' म्हणतं, कोणी 'वाट बघणं' म्हणतं. दोन्ही बरोबर. सूर तोच ठेवून वाद्य बदललं की भाव बदलतो, हे एकदा अनुभवलं की माणूस कुठलंही गाणं ऐकताना मागच्या वाद्यांकडे कान द्यायला लागतो.

किंवा बेथोव्हनची पाचवी सिंफनी, पहिल्यांदा वाजली डिसेंबर १८०८ मध्ये. सुरुवातीचे चार सूर जगभर ओळखतात: तीन आखूड, एक लांब. आम्ही त्यांची चाल विसरतो आणि फक्त लय टाळीवर घेतो. मग पहिला भाग ऐकताना ही 'तीन आखूड, एक लांब' लय ऐकू आली की बोट वर करायचं. पहिल्या दोन मिनिटांत बोट खाली ठेवायला वेळ मिळत नाही. इवल्याशा बीजातून एवढा मोठा डोलारा कसा उभा राहतो, ते त्या बोटामुळे कळतं.

रागसंगीतासाठी मी आधी तीनताल शिकवते. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग, पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा. हातावर ताल धरून बंदिश ऐकायची आणि गायक समेवर येताना आपणही यायचं. ज्यांनी आयुष्यभर मैफली ऐकल्या आहेत अशांचेही डोळे या दिवशी चमकतात. इतकी वर्षं मान डोलत होती, आता का डोलते ते कळतं. 'तानसेन नाही तर निदान कानसेन' असं आपण सहज म्हणतो. त्यातला 'निदान' मला पटत नाही. कानसेन होणं हे पूर्ण वेळाचं, स्वतंत्र शिक्षण आहे.

मला राग ओळखता येत नाहीत, नोटेशन वाचता येत नाही. आस्वादाच्या वर्गात अडेल का?

नाही.

पियानोसाठी घरी पियानो घ्यावाच लागतो का?

सरावाला काहीतरी हवंच. आठवड्यातून एकदा फक्त वर्गात वाजवून हात बसत नाही.

खऱ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि फेल्ट लावलेले हातोडे. त्याला जागा लागते, ओलावा चालत नाही, आणि वर्षातून साधारण दोनदा सुरात लावून घ्यावा लागतो. एवढं शक्य नसेल तर ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, पण पट्ट्या वजनदार असल्या पाहिजेत. साध्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर चालते. कशीही दाबली तरी तिला बोटाचं वजन कळत नाही. पियानोचं सगळं मर्म तिथेच आहे. इटलीत क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं ते यासाठीच, की बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा करता यावा. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची आणि बोटानं आवाज कमी-जास्त करणं जवळपास अशक्य होतं. क्रिस्तोफोरीच्या वाद्याचं नावच 'हळू आणि मोठ्यानं' अशा अर्थाचं होतं, त्यातला 'पियानो', म्हणजे 'हळू', तेवढाच आज उरला.

पहिल्या तीन महिन्यांसाठी घरातला जुना लहान कीबोर्ड चालेल. तोवर आवड टिकते की नाही तेही कळतं. बाकडं मात्र नीट उंचीचं घ्या: बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर.

बोटं जाड आहेत, ताठ आहेत. चालेल?

चालेल. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तिला ताकद फारशी लागत नाही. हाताचं वजन सोडता यावं लागतं. मोठ्या माणसांचा हात ताठ असतो तो बहुतेक भीतीनं. सांधेदुखी असेल तर आधी सांगा, म्हणजे ताणाचे तुकडे टाळता येतात. दुखत असताना 'थोडं सहन करून' वाजवू नका.

दोन्ही हात एकत्र चालत नाहीत. एक हात लागला की दुसरा विसरतो.

सगळ्यांचं असंच होतं आणि हा टप्पा लांबलचक असतो, म्हणून नीट सांगते.

पहिल्या आठवड्यात उजव्या हाताची पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवतो, अंगठा एक, करंगळी पाच. हात हलवायचाच नाही, फक्त बोटं. ते दोन-चार दिवसांत येतं. डावा हात वेगळा, तोही येतो. मग दोन्ही एकत्र, आणि सगळं कोसळतं. इथे लोक पुन्हा पुन्हा तोच तुकडा त्याच वेगात वाजवून बघतात आणि चूकच पाठ होते.

मी वेगळं करायला लावते. पियानो बंद करा. मांडीवर डाव्या हातानं एक-दोन-तीन-चार थोपटा. त्यावर उजव्या हातानं फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. मग उजव्या हाताची चाल तोंडानं म्हणा आणि डावा हात खरोखर वाजवा. गळ्यानं उजव्या हाताचं काम केलं की डाव्याला मोकळीक मिळते. हे जमलं की दोन्ही हात, पण एका वेळी दोनच मात्रांपुरते. पुढच्या मात्रेचा पहिला सूर आला की थांबायचं. दोन मात्रा, मग पुढच्या दोन, मग चार. मोठ्या माणसाला असे छोटे तुकडे आधी अपमानास्पद वाटतात, पण हात पाठ करतो ते असेच. आणि तो सराव झोपेतही मुरतो: रात्री न जमलेला तुकडा सकाळी थोडा सुटा वाटतो, हा अनुभव माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आला आहे.

सुरुवातीचं चांगलं साहित्य भरपूर आहे. बार्टोकनं १९२६ ते १९३९ या काळात १५३ तुकड्यांची मालिका लिहिली, सहा खंडांत, अगदी एका ओळीपासून चढत जाणारी. पहिले तुकडे पाच बोटांत बसतात, तरी ते बालगीतांसारखे वाटत नाहीत. मोठ्या माणसांना ते आवडतात.

बाखचा १७२२ च्या संग्रहातला सी मेजरमधला (पांढरी एकला 'सा' धरलेला) पहिला प्रेल्यूड, म्हणजे छोटी रचना, तीही मी लवकर देते. त्यात प्रत्येक मात्रागटात एकच सुरावट मोडून मोडून येते. ती न मोडता सगळे सूर एकदम दाबले, तर नवख्या माणसालाही पहिल्या काही ओळींचा सगळा प्रवास हाताखाली जाणवतो. मूळ वेगात वाजवायला वेळ लागेल, पण तो तुकडा आतून कसा आहे हे पहिल्याच महिन्यात कळतं.

पियानोवर राग वाजतात का?

राग वाजवता येतो का यापेक्षा, पियानोवर राग समजून घेता येतो का, असं विचारा. त्याचं उत्तर निःसंशय हो.

हा प्रयोग करून बघा. पांढऱ्या पट्ट्या विसरा. काळी तीनला षड्ज धरा आणि वर जाताना फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूपाचे सूर. आता पट्ट्या त्याच ठेवा, षड्ज फक्त काळी एकवर न्या. सा रे म प ध: दुर्गा. षड्ज काळी पाचवर न्या. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि: मालकंस. पाच पट्ट्या त्याच. घर बदललं आणि सगळ्या सुरांची नाती बदलली. याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात, आणि ती पुस्तकात वाचून जेवढी कळत नाही तेवढी पाच काळ्या पट्ट्यांवर पाच मिनिटांत कळते. नुसते सूर म्हणजे राग नव्हे, चलन, म्हणजे ते सूर कसे चालतात तेही हवं, हे अर्थात आहेच.

मर्यादाही सांगते. पियानोत दोन पट्ट्यांच्या मधलं काहीच नाही, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, नाही. शिवाय सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, म्हणून पियानोचा शुद्ध गंधार ('ग') तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो गंधार आणि पियानोचा गंधार लागोपाठ ऐका, फरक कळेल. म्हणून गाण्याच्या विद्यार्थ्यांना मी पलटे (सुरांच्या ठरावीक क्रमांचा सराव) तानपुऱ्यावर करायला सांगते, पियानोवर नाही. पियानो सूर शोधायला, तानपुरा सूर मुरवायला.

स्टाफ नोटेशन शिकू की सरगम?

पियानोसाठी स्टाफ, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत, कारण दोन हातांचं एकाच वेळी लिहायला ती पद्धत सोयीची आहे. गाण्यासाठी सरगम लिहिण्याची भातखंडे पद्धत पुरेशी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. तासाभरात वाचता येते. पण वाचता आलं म्हणजे गाता आलं असं होत नाही, तेव्हा बंदिश आधी ऐकून उचला आणि वही आठवणीसाठी ठेवा.

रोज किती रियाज करावा?

वीस मिनिटं, रोज. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. त्यातही गाण्याला दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे जास्त मानवतात. वाद्य झाकून ठेवू नका, तानपुऱ्याचं ॲप हाताशी ठेवा. सुरुवात करायला लागणारी खटपट जितकी कमी, तितका रियाज टिकतो. आणि वीस मिनिटांतली शेवटची तीन आधीपासून येणाऱ्या, आवडत्या तुकड्यासाठी राखा.

ऑनलाइन शिकता येईल का?

आस्वाद आणि पियानो बऱ्यापैकी येतो, कॅमेरा वरून हातांवर असला तर. गाण्यात अडचण अशी, की व्हिडिओवर आवाज पोचायला किंचित उशीर होतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. वर 'मी तुमच्या सुरात आले' म्हटलं, ते ऑनलाइन होत नाही. सूर अजून पक्का नसेल तर सुरुवातीचे दोन-तीन महिने समोरासमोरच शिका.

गटात शिकू की एकट्यानं?

आस्वाद गटातच. गाणं सुरुवातीला छोट्या गटात चांगलं, आवाज मिसळायची सवय लागते आणि संकोच जातो. पियानो एकट्यानं.

परीक्षा द्याव्यात का?

ज्याला ठरलेली तारीख असल्याशिवाय हातून काही होत नाही, त्यानं जरूर द्याव्यात. पियानोच्या ग्रेड परीक्षा आठ पायऱ्यांच्या असतात आणि वयाची अट नसते. बाकीच्यांना मी सांगते, चार जवळच्या माणसांसमोर दोन तुकडे सादर करा. हात थरथरतो तो अनुभव परीक्षेइतकाच शिकवतो.

मध्येच दोन-तीन महिने सुटलं तर?

परत या. घरातलं आजारपण, कामाचा रेटा, हे मोठ्या माणसांच्या आयुष्यात येणारच. हात थोडा विसरतो, कान विसरत नाही. आल्यावर सुटलेल्या जागेपासून सुरू करू नका, त्याच्या महिनाभर मागून करा. दोन आठवड्यांत तिथेच पोचाल.

शिक्षक कसे निवडावेत?

एक तास बसून बघा. शिक्षक स्वतः किती गातात-वाजवतात आणि तुम्हाला किती वेळ गायला-वाजवायला देतात, ते मोजा. पहिल्या तासात तुम्ही निम्मा वेळसुद्धा गायला नसाल तर दुसरीकडे बघा. चूक सांगताना 'चुकलं' एवढंच म्हणतात की 'रिषभ उतरला' असं नेमकं सांगतात, तेही बघा. आणि वयावरून केलेली कुठलीही टिप्पणी ऐकून घेऊ नका. मी स्वतः मोठेपणी एका नव्या गुरूंकडे गेले तेव्हा पहिल्याच दिवशी 'आता काय उपयोग' हे ऐकलं होतं. त्यानंतर पुन्हा गायला तोंड उघडायला मला दोन वर्षं लागली.

पहिल्या तासाला काय घेऊन येऊ? काय होतं त्या दिवशी?

वही-पेन्सिल आणि पाण्याची बाटली. पियानोसाठी येणाऱ्यांनी नखं कापून यावं.

त्या दिवशी, कुठल्याही विषयाला आलात तरी, मी सगळ्यांना पियानोभोवती उभं करते आणि झाकण उघडते. उजवं पेडल दाबून धरते, म्हणजे तारांवरचे सगळे दाबक उचलले जातात. पट्टी एकही दाबत नाही. मग एकानं आत वाकून 'आ' असा एकच सूर मोठ्यानं द्यायचा आणि एकदम थांबायचं. खोली शांत होते, आणि आतून पियानो तोच सूर परत म्हणतो, अंधुक, लांबून आल्यासारखा. त्या सुराच्या आणि त्यात मिसळलेल्या वरच्या सुरांच्या तारा तेवढ्या हलतात. 'ई' म्हटलं तर 'ई'सारखं ऐकू येतं. मग प्रत्येकजण आपापला सूर देऊन बघतो, आणि जे मागे उभे असतात तेही हळूहळू पुढे येतात.